धुळ्यात राहून जिओकॅशिंग: ॲप, डबे आणि आमचं घर

रविवारी नुसतं "चला फिरायला" म्हटल्यावर मुलं पलंगावरून उठत नसतील, तर जिओकॅशिंग जरूर करून बघा. माझा कौल आधीच सांगून टाकते. छंदाला पाचपैकी पाच, ॲपला पाचपैकी साडेतीन. पैसे भरून मिळणारं प्रीमियम खातं धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या घरांनी सध्या तरी घेऊ नये. असं का म्हणते ते पुढे सविस्तर लिहिते, कारण मी सुरुवात केली तेव्हा आपल्या भागातल्या माणसाने मराठीत लिहिलेलं मला काहीच सापडलं नव्हतं.

खेळ साधा आहे. कोणीतरी एक डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश साइटवर टाकतो. आपण फोन घेऊन तिथवर जायचं, डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तसा परत ठेवून यायचं. मोठ्या डब्यात लहानसहान वस्तू असतात. त्यातली एक घेतली तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची दुसरी ठेवायची. खाऊ कधीच ठेवायचा नाही, वासाने उंदीर-मुंग्या येतात. डब्याला म्हणायचं कॅश.

याची सुरुवात मे २००० मध्ये झाली. तोपर्यंत अमेरिकन सरकार सामान्य लोकांना मिळणाऱ्या जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवली जायची. २ मे २००० ला ती भेसळ बंद झाली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी ओरेगॉन राज्यातल्या बीव्हरक्रीक गावाजवळ एक बादली ठेवून तिचे आकडे इंटरनेटवर जाहीर केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओकॅशिंग डॉट कॉम ही साइट निघाली. आज जगभरात तीस लाखांहून जास्त कॅश आहेत. मी ही गोष्ट मुलांना सांगितली तेव्हा थोरलीचा पहिला प्रश्न होता, "मग चूक मिसळायची कशी?" एका खेळाच्या निमित्ताने अकरा वर्षांची मुलगी उपग्रहाच्या घड्याळांपर्यंत पोचते, म्हणून मी या छंदाच्या बाजूने एवढी हिरिरीने बोलते.

आता ॲप. नाव 'जिओकॅशिंग', अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर फुकट उतरवता येतं. खातं मोठ्या माणसाच्या नावावर काढा आणि टोपणनाव घ्या, कारण तेच नाव वहीत आणि साइटवर सगळ्यांना दिसतं. आमचं नाव आम्ही चौघांनी मिळून ठरवलं आणि सासरे, म्हणजे आबा, यांच्याकडून मंजूर करून घेतलं. ॲप मराठीत नाही, इंग्रजीत चालवावं लागतं. सहावी-सातवीच्या मुलांना ते जमतं. धाकट्याला थोरली वाचून दाखवते.

ॲप उघडलं की नकाशा येतो. तुम्ही धुळ्यात बसून तो उघडलात की आजूबाजूला मोकळं रान दिसेल. हे ॲपचं काही बिघडलेलं नाही. डबे कंपनी लपवत नाही, तुमच्याआमच्यासारखे खेळणारेच लपवतात. ज्या भागात खेळणारे जास्त त्या भागात डबे जास्त. युरोप-अमेरिकेतल्या शहरांत गल्लोगल्ली ठिपके आहेत, आपल्या देशात विरळ, आणि तेही मोठ्या शहरांच्या आसपास. हे आधीच माहीत असलं म्हणजे मुलांचा हिरमोड होत नाही. मी मुलांना नकाशा दाखवायच्या आधीच सांगून ठेवलं होतं की आपला भाग अजून भरायचा आहे.

फुकट खात्यावर ॲपमध्ये सोप्या श्रेणीतल्या साध्या कॅशचाच पूर्ण तपशील उघडतो, बाकीच्या राखाडी दिसतात. पण त्याच खात्याने ब्राउझरमधून साइट उघडली की त्यातल्या बऱ्याचशा राखाडी कॅशचंही पान वाचता येतं. फक्त खास प्रीमियमवाल्यांसाठी राखून ठेवलेल्या तेवढ्या बंद राहतात. नकाशे फोनमध्ये साठवून ऑफलाइन वापरणं हीदेखील प्रीमियमची सोय आहे. सातपुड्याच्या बाजूला रेंज जाते, त्यामुळे ही सोय लागतेच. त्यावर आमचा उपाय असा: 'सी-जिओ' नावाचं अँड्रॉइडवरचं मुक्त ॲप आणि नुसत्या नकाशासाठी 'ऑर्गॅनिक मॅप्स'. दोन्ही फुकट आहेत, दोन्हींत नकाशा उतरवून ठेवता येतो. सी-जिओची मांडणी पहिल्यांदा किचकट वाटेल, बटणं फार आहेत. पण त्यात स्वतःच्या घरगुती कॅश नोंदवता येतात आणि आपल्याकडच्या माणसाला हीच गोष्ट सगळ्यात उपयोगी आहे.

कॅशचं पान कसं वाचायचं तेही सांगते. दोन गुण दिलेले असतात, एक ते पाच. पहिला गुण शोधायला किती कठीण याचा, दुसरा तिथपर्यंतची वाट किती अवघड याचा. लहान मुलं बरोबर असतील तर दोन्ही दोनच्या आत ठेवा. मग डब्याचा आकार बघा. 'मायक्रो' म्हणजे बोटाच्या पेरापासून पुढे, त्यात फक्त कागदाची गुंडाळी मावते. पहिल्या वेळेला मुलांना 'स्मॉल' किंवा 'रेग्युलर' द्या, झाकण उघडल्यावर आत काहीतरी दिसलं पाहिजे. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे आधीच्या लोकांच्या नोंदी. शेवटच्या चार-पाच जणांना डबा सापडलेला नसेल तर तो बहुतेक गेलेला आहे, तिथे मुलांना नेऊ नका. आपल्या देशात हे जास्तच बघावं लागतं, कारण डबा ठेवणारा बदली होऊन गेला की त्याच्याकडे बघणारं कोणी उरत नाही.

पहिली खरी कॅश आम्ही पुण्याला नणंदेकडे गेलो तेव्हा एका टेकडीवर शोधली. ॲपची सुई तीन मीटर दाखवत होती आणि डबा दिसत नव्हता. इथे नव्या माणसाने एक गोष्ट लक्षात ठेवावी: फोनचं जीपीएस मोकळ्या आकाशाखालीसुद्धा साधारण पाच मीटर इकडेतिकडे असतं आणि डबा ठेवणाऱ्याचा फोनही तसाच होता. म्हणून दहा मीटरच्या आत आल्यावर फोन खिशात टाकायचा आणि डोळे वापरायचे. आबा खाली वाकून म्हणाले, "हे दगड पावसाने असे लागत नाहीत, कोणीतरी रचलेत." डबा त्याच्यामागे होता. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नातवंडांच्या खेळात नुसतं बाकावर बसवून ठेवत नाहीत, असे छंद फार थोडे.

परत आल्यावर प्रश्न आला की धुळ्यात काय करायचं. इथून पुढचं हे परीक्षण ॲपचं कमी आणि या खेळाचं जास्त आहे.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. नमुन्यासाठीची तीस मिलिलिटरची फिरकीच्या झाकणाची कोरी डबी औषधाच्या दुकानात दहा-पंधरा रुपयांना मिळते. मायक्रो कॅशसाठी याहून चांगली वस्तू मी पाहिलेली नाही. झाकण पक्कं बसतं, प्लास्टिक जाड असतं, उन्हाने लगेच तडकत नाही. तरी आधी परीक्षा घ्या. आत टिशू पेपरचा तुकडा घालून झाकण लावायचं, डबी पाण्याने भरलेल्या पातेल्यात वाटीखाली दाबून रात्रभर ठेवायची आणि सकाळी कागद बघायचा. कोरडा निघाला तर पास. हे काम धाकट्याकडे आहे आणि तो सकाळी दात घासायच्या आधी डबी उघडतो. वहीसाठी जाड कागदाची पट्टी, ती छोट्या झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. पेन्सिलच ठेवायची, बॉलपेनची शाई आपल्या उन्हात सुकते. बाहेरून मातकट रंगाची कापडी चिकटपट्टी. डबीवर मराठीत ठळक लिहायचं: "हा मुलांच्या खेळाचा डबा आहे. कृपया असाच राहू द्या." आणि आपल्यापैकी एकाचा नंबर. हे लिहिणं अजिबात चुकवू नका. बेवारस डबा दिसला की लोक घाबरतात आणि त्यांचं ते बरोबरच आहे. याच कारणाने एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, शाळा, मंदिर, बाजार या ठिकाणी डबा ठेवायचाच नाही.

मग आकडे. गुगलच्या नकाशावर बोट दाबून धरलं की २०.९०४२ असा आकडा येतो. जिओकॅशिंगमध्ये तोच अंश आणि मिनिटांत लिहितात. पूर्णांक तसाच ठेवायचा, दशांशाला साठने गुणायचं. ०.९०४२ गुणिले ६० म्हणजे ५४.२५२. झाले उत्तर अक्षांश २० अंश ५४.२५२ मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे सुमारे १८५० मीटर, तेव्हा शेवटचा आकडा एकाने बदलला की माणूस पावणेदोन-दोन मीटर सरकतो. थोरलीने हे पाठ केलेलं नाही, कॉलनीतल्या मैदानावर चालून बघितलेलं आहे. उत्तरेला चालताना वरचा आकडा बदलतो, पूर्वेला चालताना खालचा. अक्षांश-रेखांश ही भूगोलाच्या पुस्तकातली दोन पानं तिला एका संध्याकाळी पायांनी कळली.

कॅशच्या पानावर एक सूचक ओळ असते, ती उलटसुलट अक्षरांत लिहिलेली. इंग्रजी वर्णमालेतलं प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवतात, म्हणजे ए च्या जागी एन. घाईने वाचून मजा जाऊ नये म्हणून ही सोय. घरच्या खेळात इंग्रजी कशाला, म्हणून आम्ही आपली वर्णमाला वापरली. कवर्ग आणि पवर्ग यांची अदलाबदल, चवर्ग आणि तवर्ग यांची अदलाबदल, बाकी अक्षरं तशीच. पहिल्यांदा 'दगडाखाली' लिहिलं तर झालं 'जबडाफाली'. धाकट्याने ते घरभर ओरडत फिरून सगळ्यांना पाठ करायला लावलं. ज्याला कागदाच्या एका पानावर चार ओळी लिहायचा कंटाळा येतो, तो मुलगा आता आपण होऊन असली पत्रं लिहितो. शिक्षक वाचत असतील तर वर्गात करून बघा.

डबे ठेवायला माझं माहेरचं वावर मिळालं, शिरपूर तालुक्यात. स्वतःची जमीन, परवानगीचा प्रश्न नाही. दादाने म्हणजे माझ्या भावाने एकच अट घातली, केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्यांना पाय लागता कामा नये. पहिला डबा विहिरीपासून लांब, बांधावरच्या निंबाच्या बुंध्याशी. त्यात पुढचे आकडे नव्हते, प्रश्न होता: बांधावर बाभळी किती आहेत ते मोजा, तो आकडा अमुक जागी घाला. दुसरा डबा खळ्याच्या बाजूला. तिसऱ्यासाठी आबांना विचारावं लागत होतं, कारण सूचना होती 'जिथे मोट चालायची तिथे' आणि ती थारोळ्याची, म्हणजे मोटेचं पाणी पडायची, जागा ओळखणारे घरात तेच एक. अशा साखळीला ॲपच्या भाषेत मल्टी कॅश म्हणतात. शेवटच्या डब्यात भोवरा, काचेच्या गोट्या आणि जत्रेतली शिट्टी होती. दुपारी माझ्या आईने कळण्याची भाकरी, ठेचा आणि शेवभाजी वाढली. शहरातल्या बागेत हे जमत नाही, हा आपल्या भागाचा फायदाच आहे. ज्यांचं गावी वावर आहे त्यांनी ॲपच्या रिकाम्या नकाशाची काळजी करत बसू नये.

एक ताकीद मात्र देते. शिरपूरकडे पाणी अडवायला नाले फार खोल आणि रुंद केलेले आहेत आणि बंधाऱ्यात पाणी तुडुंब असतं. त्याचा शेतीला उपकारच आहे, पण कडा सरळ तुटलेल्या असतात. त्या बाजूला डबा नाही म्हणजे नाहीच.

धुळ्यातल्या धुळ्यात लळिंगला जातो. महामार्गालगतचा किल्ला, फारुकींच्या काळातला, वाट सोपी, सात-आठ वर्षांचं मूल आरामात चढतं. किल्ल्यावर आम्ही डबा ठेवत नाही. जुन्या वास्तूत दगड हलवायचे नाहीत, कपारीत काही कोंबायचं नाही, हे मुलांना पहिल्या दिवसापासून सांगितलं आहे आणि जिओकॅशिंगच्या नियमांतही जमीन खणायला, वास्तूचं नुकसान करायला बंदी आहे. तिथे आम्ही नुसत्या प्रश्नांचा खेळ खेळतो. आकडे देते, मुलं त्या जागी पोचतात, तिथलं काहीतरी मोजून येतात: टाक्याच्या पायऱ्या, तटातल्या जंग्या, दरवाजाच्या कमानीचे दगड.

तिथेच एकदा बकऱ्या चारणारे बाबा आमच्याजवळ येऊन उभे राहिले. मुलं फोन बघत तटाला लागून फिरत होती. बाबांनी अहिराणीत विचारलं, "काय धुंडी ऱ्हायनात भाऊ? धन शे का आठे?" हा प्रश्न ते गमतीने विचारत नव्हते. किल्ल्यांवर गुप्तधनाच्या नादाने खणाखणी करणारी माणसं येतात, त्याने किल्ल्याचं नुकसान होतं आणि गावाला ताप. नवऱ्याने फोन त्यांच्या हातात दिला, सुई कशी फिरते ते दाखवलं, म्हणाला, "नै बाबा, पोरेसना खेय शे हाऊ," म्हणजे मुलांचा खेळ आहे हा. मग बाबा खाली बसले आणि त्यांनी मुलांना अर्धा तास किल्ल्याच्या गोष्टी सांगितल्या.

त्या दिवसापासून माझं एक मत पक्कं झालं. या खेळात बाहेरच्यांपासून लपून शोधायची रीत आहे, कोणी बघत असेल तर बूट बांधायचं नाटक करायचं वगैरे. पुण्या-मुंबईच्या बागेत ते ठीक. आपल्याकडे खेड्यापाड्यात लपूनछपून वागू नका. गुराखी असो, शेतमालक असो, पोलीस पाटील असोत, आधी रामराम करा, काय करतोय ते सांगा. डबा गुप्त राहण्यापेक्षा गावाचा आपल्यावर विश्वास राहणं मोठं आहे. वर ती माणसं वाट दाखवतात, पाणी देतात, आणि साप कुठे आहे तेही सांगतात.

सापावरून सांगते. आपलं रान दगडाळ आहे आणि दगडाखाली फुरसं, विंचू असतात. कपारीत हात घालायचा नाही, हा आमच्या घरचा पहिला नियम. आधी बॅटरीचा उजेड, मग लांब काठी, मग मोठ्या माणसाचा हात. मुलांच्या पायात चप्पल नाही, बूटच. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर तिथून गुपचूप मागे फिरायचं, आरडाओरड करायची नाही आणि अत्तर-सेंट मारून जायचंच नाही. डबा ठेवताना तो कंबरेच्या उंचीवर ठेवला, तर शोधणाऱ्याला हात आंधळेपणाने घालावा लागत नाही. खऱ्या कॅश ठेवणाऱ्यांनीही खान्देशात हेच करावं असं मला वाटतं.

हंगामाचं वेगळं काय सांगू. एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा हा छंद बंद. माणसांचं सोडा, फोनसुद्धा उन्हात तापून स्वतःहून बंद पडतो. दसऱ्यानंतर होळीपर्यंतचे दिवस उत्तम. डिसेंबर-जानेवारीत सकाळी कडाक्याची थंडी असते, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी.

वेगळं जीपीएस यंत्र घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. घेऊ नका. फोन पुरतो. एक पॉवर बँक आणि फोनला गळ्यात अडकवायची दोरी, एवढा खर्च करा. परदेशातून कोणी भेट म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र आणत असेल तर त्यांना नको म्हणा. आपल्या देशात परवान्याशिवाय ते बाळगता येत नाही, विमानतळावरच अडचण होते.

प्रीमियम न घेण्याचं कारण आता स्पष्ट झालं असेल. त्यात मिळणारी मुख्य गोष्ट म्हणजे जास्त कॅश आणि ऑफलाइन सोय. आपल्याकडे कॅशच विरळ आहेत आणि ऑफलाइनचं काम दुसऱ्या ॲपने होतं. परदेशी महिनाभर जाणार असाल, तर तेवढ्यापुरतं जरूर घ्या. साडेतीन गुण दिले तेही याचसाठी. फुकट भाग प्रामाणिक आहे, नोंदी वाचायला सोप्या, सुई चांगली चालते. पण नव्या माणसाला रिकाम्या भागात काय करायचं याचा रस्ता ॲप दाखवत नाही. स्वतः डबा लपवायचा रस्ता त्याच साइटवर आहे, तो ॲपच्या पहिल्या पडद्यावर हवा होता.

तो रस्ता असा. डबा साइटवर प्रसिद्ध करायचा तर जागेच्या मालकाची परवानगी लागते. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागतं. जमिनीत पुरायचा नाही. तुमची नोंद एक स्वयंसेवक तपासतो आणि मगच ती नकाशावर येते. डबा भिजला, हरवला तर जाऊन दुरुस्त करणं तुमची जबाबदारी, म्हणून सहलीला गेलेल्या लांबच्या गावी ठेवलेला डबा मंजूर होत नाही. हे सगळे नियम मला पटतात. यावल किंवा गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात, पाटणादेवीच्या परिसरात डबा ठेवायचा विचारसुद्धा करू नका. तिथे प्रश्नांचाच खेळ करा. पाटणादेवीला नेलंत तर मुलांना हे सांगा की इथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची हकिकत आहे आणि त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या विद्येच्या अभ्यासासाठी इथे मठ काढला. आठशे वर्षांपूर्वी जिथे ग्रहांचं गणित शिकवलं जायचं, तिथे उभं राहून उपग्रहाकडून आपली जागा विचारायची, याहून चांगली सहल मला माहीत नाही. एरंडोलजवळच्या पद्मालयाला गणपतीच्या दोन मूर्ती आहेत, एकीची सोंड डावीकडे, एकीची उजवीकडे. आमच्या खेळातला एक आकडा तिथून येतो.

आणि आता ज्याचं मला सगळ्यात जास्त वेड लागलं आहे ते. कॅशचा एक प्रकार आहे अर्थकॅश. त्यात डबा नसतोच. भूगर्भाची एखादी गोष्ट दिसते अशी जागा असते, तिथे जाऊन निरीक्षण करायचं आणि प्रश्नांची उत्तरं पाठवायची. खान्देशाला हा प्रकार अगदी नेमका लागू पडतो. धुळ्याहून साक्रीकडे, पुढे नंदुरबारकडे जाताना माळावर लांबलचक सरळ टेकड्या दिसतात, कोणी भिंत बांधून ठेवावी तशा. मी लहानपणापासून त्या एसटीच्या खिडकीतून बघत आले. त्या साध्या टेकड्या नाहीत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहत होता त्या काळात जमिनीला उभ्या भेगा पडल्या, त्यांतून तप्त रस वर आला आणि आतच थिजला. पुढे आजूबाजूचा खडक झिजला, भेगेतला टणक दगड उभा राहिला. त्याला डाइक म्हणतात. नंदुरबार-धुळे पट्ट्यात अशा डाइकांचा मोठा समूह आहे आणि भूशास्त्राचे अभ्यासक त्यासाठी इकडे येतात.

आम्ही ओळखीच्या शेतकऱ्याच्या परवानगीने एका भिंतीपाशी गेलो. जवळून बघितलं तर दगड आडव्या खांबांत फुटलेला होता. भेगेतला रस दोन्ही बाजूंच्या थंड खडकाकडून आत थंड होत जातो, म्हणून तडे त्या बाजूंना काटकोनात पडतात आणि खांब उभे न राहता आडवे होतात. थोरलीने तळहात ठेवून एका खांबाचे कोन मोजले. धाकट्याने भिंतीला पाठ लावून फोनचं होकायंत्र धरलं आणि ती जवळपास पूर्व-पश्चिम जाते हे स्वतः शोधून काढलं. पुढच्या भिंतीपाशी पळत जाऊन त्याने परत तेच केलं. तीही तशीच. "सगळ्या एकाच बाजूला का?" त्याने विचारलं. जमीन उत्तर-दक्षिण ताणली गेली की भेग पूर्व-पश्चिम उघडते, हे मी त्याला फडक्याचा तुकडा ओढून फाडून दाखवलं.

या जागेची अर्थकॅश करायची आमची तयारी चालू आहे. जमीनमालकाने तोंडी हो म्हटलं आहे, लेखी संमतीचा कागद करून घेणार आहोत. गाडी लावायला रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागा बघून ठेवली आहे. प्रश्न थोरलीने लिहिलेत: खांबांना कोन किती, भिंतीची रुंदी किती पावलं, आणि आजूबाजूच्या दगडापेक्षा या दगडाचा कण बारीक आहे की जाड. बलसाणे, निजामपूर, नंदुरबारकडच्या कोणाच्या वावरात अशी भिंत असेल आणि मुलांना येऊ द्यायची तयारी असेल तर मला जरूर कळवा. दिवाळीनंतर पिकं निघाली की आम्ही येतो. बूट, काठी आणि जेवणाचा डबा आमचा आम्ही आणू, फक्त प्यायचं पाणी कुठे मिळेल तेवढं सांगा.